राजाबाईंचा टॉवर आणि आमची नाताळची सहल



नाताळच्या सुटीत कुठे जायचं यावरून आमच्या घरात दिवाळीपासून खल चालू होता. पुण्याचा नातू सहावीत आहे. त्याला लंडनचं बिग बेन घड्याळ बघायचं होतं. मुलाने मोबाईलवर हिशोब करून खर्चाचा आकडा सांगितला. मी बी.कॉम. झाले त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, पण व्हिसा, विमा आणि पाच जणांचं जेवण त्यात धरलेलंच नाही हे मला लगेच कळलं. तरीही खरी अडचण पैशांची नव्हती. सासूबाईंना एकटं कुठे ठेवायचं?

सासूबाई सत्त्याऐंशीच्या आहेत. काचबिंदूने एक डोळा पूर्ण गेला, दुसऱ्याला फक्त उजेड-अंधार कळतो. चौविहार मात्र लग्न होऊन बारामतीला आल्यापासून एक दिवस चुकलेला नाही. दुपारी चार वाजले की त्या विचारायला लागतात, "सूर्य कुठवर आलाय गं?" मी सांगते, "आई, अजून दीड तास आहे." पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच. कधी कधी मी वैतागते, खोटं कशाला बोलू.

लंडनचा विषय निघाला तेव्हा नातवाने त्यांना सांगितलं की तिथे जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. त्या म्हणाल्या, "मग चौविहार फार सोपा की!" आणि डिसेंबरमध्ये चारच्या आतच मावळतो म्हटल्यावर म्हणाल्या, "मग दुपारच्या चहालाच पच्चक्खाण घ्यायचं का?" सगळे हसले आणि लंडन तिथेच बारगळलं.

मग मी मुंबई सुचवली. सून म्हणाली, "मुंबईत काय, आपण वर्षातून चारदा लग्नाला जातो." खरं आहे. आपण मुंबईला जातो म्हणजे लग्नाच्या हॉलवर, दवाखान्यात आणि भुलेश्वरला खरेदीला जातो. फोर्टात थांबून इमारती बघायला आपल्यातलं कोण जातं? ओव्हल मैदानाच्या एका बाजूला हायकोर्ट, विद्यापीठ अशा इंग्रजी गॉथिक पद्धतीच्या दगडी इमारती आणि दुसऱ्या बाजूला आर्ट डेको पद्धतीच्या गोल कोपऱ्यांच्या तीस-चाळीसच्या दशकातल्या इमारती, हा सगळा भाग २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. व्हीटी स्टेशन, म्हणजे आताचं सीएसएमटी, तर २००४ मध्येच गेलं होतं. लोक परदेशातून हे बघायला येतात, आणि आपण बारामतीहून सकाळी निघून दुपारी पोचतो.

नातवाला पटवायला मी राजाबाई टॉवरचा फोटो दाखवला. उंची २८० फूट, बिग बेनपेक्षा थोडीच कमी. नकाशा काढला लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी, आणि गंमत म्हणजे ते मुंबईला कधी आलेच नाहीत. टॉवरवर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे दगडी पुतळे आहेत. सुरुवातीला घंटा सोळा वेगवेगळ्या चालींवर वाजायच्या, त्यात 'रूल ब्रिटानिया' आणि 'गॉड सेव्ह द क्वीन'सुद्धा. "पण हा राजाबाई कोण?" नातवाने विचारलं. त्याला वाटलं कुणी राजा असेल.

राजाबाई म्हणजे शेठ प्रेमचंद रायचंद यांची आई. प्रेमचंदशेठ मूळचे सुरतेचे, आपल्यासारखेच श्वेतांबर जैन, कापसाचे आणि शेअरचे दलाल. इंग्रजी लिहू-बोलू शकणारा पहिला देशी दलाल अशी त्यांची ख्याती होती. सांगतात असं की राजाबाईंची दृष्टी गेली होती आणि चौविहार कडक होता. कुणाला विचारावं न लागता त्यांना जेवणाची वेळ कळावी म्हणून मुलाने घंटा वाजवणारं हे घड्याळ बांधलं.

ही गोष्ट मी सासूबाईंना वाचून दाखवली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "घंटेपेक्षा मुलगा संध्याकाळी येऊन म्हणाला असता, 'बा, चला जेवायला,' तर तिला जास्त बरं वाटलं असतं." मी माझ्या चारच्या वैतागाबद्दल काही बोलले नाही.

पण माझं डोकं वेगळ्याच गोष्टीत अडकलं. प्रेमचंदशेठांचा बंगला भायखळ्याला. टॉवर फोर्टात. मधलं अंतर चार-पाच किलोमीटर. त्या काळी मुंबईत गोंगाट कमी होता हे मान्य, तरी घंटा तिथवर ऐकू जाईल? दुसरं, तुम्ही सगळ्या जाणता, चौविहार घड्याळावर होत नाही, सूर्यावर होतो. मुंबईत डिसेंबरच्या शेवटी सूर्य सहा वाजून पाच-सात मिनिटांनी मावळतो आणि जूनच्या शेवटी सव्वासात उलटून गेल्यावर. घंटा सहा वाजल्याचं सांगेल, पण आज सहा म्हणजे दिवस आहे की रात्र, हे पंचांग बघून कुणी तरी सांगावंच लागणार. शिवाय तेव्हा मुंबईची घड्याळंही आजच्यासारखी नव्हती. मुंबईची स्वतःची वेळ होती, आजच्या वेळेच्या ३९ मिनिटं मागे. म्हणजे नाताळात टॉवरच्या घड्याळात साडेपाच वाजायला आले की सूर्यास्त. कोल्हापूर-सांगलीकडच्या आपल्या भगिनी या जेवणाला अंथऊ म्हणतात. त्या शब्दातही घड्याळ नाही.

आणि तिसरी गोष्ट तारखांची. देणगी दिली १८६४ मध्ये, आधी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी २ लाख आणि मग टॉवरसाठी आणखी २ लाख, आईचं नाव द्यावं या इच्छेने. पायाभरणी झाली १ मार्च १८६९ ला. टॉवर पुरा झाला नोव्हेंबर १८७८ मध्ये. आईच्या रोजच्या जेवणासाठी बांधलेल्या घड्याळाला चौदा वर्षं लागत असतील तर मुलाने मध्ये काही तरी दुसरी सोय केली असणारच. मला वाटतं गोष्ट मागाहून जोडली गेली. पण ती जोडताना लोकांना जेवणाची वेळ आठवली, दुसरं काही नाही, हे मला आवडलं.

१८६४ या सालापाशी मात्र मी थांबले. त्या वेळी अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, म्हणून हिंदुस्थानच्या कापसाचे भाव आकाशाला भिडले. मुंबईत पैसा नुसता वाहत होता. तो पैसा बँकांत आणि समुद्र बुजवायच्या कंपन्यांत गेला. बॅकबे कंपनीचा पाच हजार रुपये भरलेला शेअर पन्नास हजारांवर गेला होता. प्रेमचंदशेठांनी हात ठेवला की तो शेअर सोनं, अशी समजूत होती. बँक ऑफ बॉम्बेने शेअर तारण घेऊन कर्जं वाटली. पुढचं तुम्ही ओळखलं असेल. १८६५ च्या वसंतात युद्ध संपलं, कापूस उतरला, आणि १ जुलै १८६५ ला जे वायद्याचे सौदे पुरे करायचे होते ते कुणालाच पुरे करता येईनात. शहर बुडालं. प्रेमचंदशेठही बुडाले आणि बँकही. ग्रंथालय आणि टॉवरचे ४ लाख मात्र आधीच विद्यापीठाकडे जमा झाले होते, म्हणून टॉवर उभा राहिला. शेठ पुढे पुन्हा सावरले. १८७५ मध्ये दलालांची जी संघटना झाली, तीच आजचं मुंबई शेअर बाजार, तिच्या स्थापनेतही ते होते.

हे सगळं वहीत टिपताना मी १८७५ वर पेन ठेवलं आणि मला आमच्याच तालुक्यातलं गाव आठवलं. सुपे.

आमच्याकडे ही गोष्ट एकाच बाजूने सांगितली जाते. माझ्या माहेरी, इंदापूरला, आजोबांची लहानशी पेढी होती. घरातली मोठी माणसं सांगायची, "सुप्याला आपल्या लोकांची दुकानं फोडली, खतं जाळली." लहानपणी मला वाटायचं दरोडा पडला असेल. १२ मे १८७५, सुप्याचा बाजाराचा दिवस. आसपासच्या शेतकऱ्यांनी मारवाडी आणि गुजर सावकारांच्या घरांवर, दुकानांवर हल्ला केला आणि कर्जाचे कागद जाळले. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. इतिहासात यालाच दख्खनचे दंगे म्हणतात. नवल म्हणजे बऱ्याच ठिकाणी माणसांना फारसा हात लावला नाही. हवे होते ते कागद.

त्या कागदांपर्यंत गोष्ट आली कशी? सुरुवात आमच्या इंदापूरलाच होते. इंग्रजांनी मुंबई इलाख्यातली नवी जमीन मोजणी आणि साऱ्याची पद्धत पहिल्यांदा १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात लावली, गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी. सारा तीस वर्षांसाठी ठरला. तीस वर्षं भरली ती नेमकी कापसाच्या तेजीनंतर. सगळ्याच धान्याचे भाव चढले होते, ते बघून सरकारने नवा सारा भरघोस वाढवला. भाव पुढे उतरले, सारा उतरला नाही. शेतकरी आला सावकाराच्या पेढीवर.

आणि पेढीवर काय झालं ते मला, बी.कॉम. बाईला, फार चांगलं समजतं. १८५९ च्या कायद्याने कर्जाच्या खताची मुदत तीन वर्षं केली होती. शेतकऱ्याच्या भल्यासाठी केली म्हणतात. सावकाराने काय करावं? तीन वर्षं झाली की व्याज मुद्दलात घालून नवं खत लिहून घ्यायचं. समजा १०० रुपये घेतले, दरमहा दोन टक्के. तीन वर्षांनी १७२. नवं खत १७२ चं. आणखी तीन वर्षांनी २९६. सरळ व्याजाने २४४ झाले असते. मधले ५२ रुपये शेतकऱ्याने हातात कधी बघितलेच नाहीत, आणि अंगठा मात्र त्याने उठवला होता. कोर्टात तो जायचाच नाही, हुकूमनामा एकतर्फी व्हायचा आणि जमीन जायची.

मी हे सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सगळे सावकार तसे नव्हते." नव्हतेच. सारा वाढवणारं सरकारही सावकार नव्हतं, आणि जाळायला मात्र पेढीच जवळ होती. पण आपल्या घरांत ही गोष्ट नुसती 'आपल्यावर अन्याय झाला' अशी सांगतात, ते मला आता जमणार नाही. आपण दुसऱ्याच्या दुःखाला हिंसा म्हणतो, पाण्यातला जीव मरू नये म्हणून पाणी गाळून पितो. ५२ रुपये कुठल्या गाळण्यातून गेले? सासूबाई यावर काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "सूर्य कुठवर आलाय गं?" मी त्यांचा हात धरून ओट्यावर नेलं आणि तोंडावर ऊन घेऊन बसवलं. तेवढं त्यांना कळतं.

तर बेत असा ठरला आहे. सासूबाईही येणार. २६ डिसेंबरला नवकारशी करून गाडीने निघायचं. बरोबर दोन वेळचं: मेथीचे ठेपले, दशम्या, सुकी मुगाची उसळ, खाखरे, आणि सासूबाईंसाठी मऊ खिचडी थर्मासमध्ये. फोर्टात जैन जेवण मिळतं, पण रांगेत उभं राहून सूर्य गाठायचा म्हणजे धावपळ. पहिल्या दिवशी आराम. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हीटी स्टेशन, मग फ्लोरा फाउंटन, दुपारी विश्रांती. साडेचारला ओव्हल मैदान. टॉवरवर चढू देत नाहीत, म्हणून नातू नाराज आहे. तिथून टॉवर समोर दिसतो आणि घंटा दर पंधरा मिनिटांनी वाजते. सव्वापाचची घंटा झाली की डबा उघडायचा, पावणेसहाच्या आत आटपायचं. सासूबाईंनी बजावलं आहे, "मला घंटा ऐकवा, पण वेळ तुम्हीच सांगा."

जाताना नेहमीच्या जेजुरीच्या रस्त्याने न जाता मी मोरगावहून चौफुल्याकडे वळायचं ठरवलं आहे. वाटेत सुपे लागतं. आमचे हे वही बघून म्हणाले, "सुप्यात बघायला काय आहे?" मी म्हटलं, बाजारपेठ आहे, नातवाला दाखवते. त्यांनी चष्मा वर केला, पेन घेतलं आणि फोर्टच्या यादीच्या वर लिहिलं: सुपे, पंधरा मिनिटं.