वांग्याचे काप: तव्यापासून भट्टीपर्यंत



वांग्याचे काप माहीत नाहीत अशी बाई आपल्या नाशिक जिल्ह्यात शोधून सापडायची नाही. वांग्याच्या जाडसर चकत्या करायच्या, मीठ, हळद, तिखट चोळायचं, पिठात घोळवायच्या आणि तव्यावर तेल सोडून दोन्ही बाजूंनी खरपूस करायच्या. साध्या वरण-भातासोबत असे दोन काप ताटात पडले की जेवणाला गोडी येते.

अलीकडे आमच्या गटांमध्ये याच कापांची एक नवी तऱ्हा आली आहे. पिठाऐवजी पावाचा चुरा लावायचा आणि तव्याऐवजी ओव्हनमध्ये भाजायचे. तेल थोडं आणि काप कुरकुरीत. त्यावर बैठकीत दोन मतं पडतात. तरुण सुना म्हणतात, करून तर बघू. वयस्कर बायका म्हणतात, हे साहेबी खाणं आपल्याला कशाला? म्हणून आज आम्ही या कापांचा इतिहासच सांगायचं ठरवलं आहे. वांगं कुठलं, पाव कुठला, भट्टी कुठली, आणि या सगळ्यात रांधणारी बाई कुठे होती, ते पाहू.

आधी वांगं. ते अगदी आपलं. हरियाणात फरमाणा नावाच्या गावी हडप्पा काळातली वस्ती सापडली. तिथल्या मडक्यांना चिकटलेले बारीक कण संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्यात वांगं, आलं आणि हळद यांच्या खुणा मिळाल्या. ही वस्ती चार हजार वर्षांहून जुनी. म्हणजे हळद घालून वांगं रांधणारी बाई तेव्हाही होती.

संस्कृतात वांग्याला वार्ताक, वृंताक, वातिंगण अशी नावं आहेत. यातलं वातिंगण व्यापाऱ्यांबरोबर इराणात गेलं, तिथून अरबांकडे गेलं आणि ‘बादिंजान’ झालं. अरबांनी वांगं स्पेनला आणि सिसिली बेटावर नेलं. पोर्तुगीज त्याला ‘बेरिंजेला’ म्हणू लागले. तेच पोर्तुगीज जहाजातून आपल्या किनाऱ्याला आले आणि त्यांच्या शब्दावरून इंग्रजांनी ‘ब्रिंजल’ केलं. आपली मुलं शाळेत ‘ब्रिंजल’ पाठ करतात, तो आपलाच शब्द आहे. माहेर सोडून अर्धं जग फिरला आणि वेगळ्या नावाने परत आला.

आपल्याकडे वांग्याला मान आहे आणि बंदीही आहे. चातुर्मास पाळणारी घरं आषाढी एकादशीपासून वांगं खात नाहीत. म्हणून आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करून कांद्याचे आणि वांग्याचे सगळे प्रकार मनसोक्त खाऊन घेतात. मग मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडेरायाला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा किंवा भाकरी नैवेद्याला दाखवतात आणि अनेक घरांत त्या दिवसापासून वांगं पुन्हा सुरू होतं. आपल्या ओझरला चंपाषष्ठीची यात्रा भरते, बारागाड्या ओढल्या जातात, हे तुम्हाला माहीतच आहे. शेजारच्या जळगावच्या भरताच्या वांग्याला तर 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण भरीत देवाच्या ताटात गेलं, तसा मान कापांना मिळाला नाही. काप हा रोजच्या जेवणातला डावीकडचा पदार्थ. भाजी कमी पडली, अचानक पाहुणा आला, की दोन वांगी चिरून काम भागवायचं. म्हणूनच कापांचा इतिहास पोथीत कमी आणि बायकांच्या हातात जास्त आहे.

हा इतिहास वाचायचा असेल तर कापावरचं आवरण बघावं. कोकणात भात पिकतो, तिथे तांदळाची पिठी लावतात. मासळीला लावतात तोच मसाला वांग्याला, सुरणाला आणि नीरफणसालाही लावतात. गावात दुकानाचा रवा मिळू लागला तसा रवा आला. आपल्या जिल्ह्यातही पश्चिमेला इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडे भात आणि नागली, तर पूर्वेला सिन्नर, येवल्याकडे बाजरी. घरात जे पीठ असेल ते कापाला लागतं. कापाने कधी हट्ट धरला नाही की मला हेच पीठ पाहिजे.

आता पावाची गोष्ट. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यांना पावाशिवाय जेवण जायचं नाही. पण पीठ फुगवायला खमीर कुठून आणायचं? तेव्हा माडाची सूर वापरून गोव्यात पाव भाजला जाऊ लागला. पाव विकणारा पोदेर आजही गोव्यात दारोदार येतो. आपल्या लोकांना मात्र पावाची धास्ती होती. विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या गोष्टी वसईकडे सांगतात. पुण्यात तर 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांचा कार्यक्रम झाला, त्याला लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे अशी मंडळी हजर होती. त्यावरून केवढा गदारोळ झाला! ग्रामण्य उभं राहिलं आणि प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. एका चहा-बिस्किटाची ही किंमत होती.

आपल्या जिल्ह्यात 1860 च्या दशकात देवळालीला इंग्रजी फौजेची छावणी झाली. गोऱ्या शिपायांच्या शिध्यात पाव असायचा, त्यामुळे छावणी तिथे पावाची भट्टी आलीच. मुंबई-पुण्यात इराण्यांनी बेकऱ्या काढल्या. गिरणीत आणि रेल्वेत राबणाऱ्या माणसाला घरापासून लांब स्वस्तात पोट भरायला उसळ-पाव बरा वाटू लागला. ज्या पावाने धर्म बुडायचा, तोच पाव हळूहळू कष्टकऱ्याचं जेवण झाला. आज नाशिकला रविवारची सकाळ मिसळ-पावाशिवाय होत नाही आणि कुणी प्रायश्चित्त घेत नाही. पाव आला तसा उरलेल्या शिळ्या पावाचा चुराही आला. तो आधी कटलेटला लागला आणि मग कापालाही लागला. तांदळाची पिठी, रवा आणि पावाचा चुरा या एकाच साखळीतल्या कड्या आहेत.

राहिली भट्टी. भाजणं आपल्याला नवं नाही. भरताचं वांगं आपण आरातच भाजतो. रोडगे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजतो. कोकणात काकडीचं धोंडस करताना भांड्याखाली विस्तव आणि झाकणावरही विस्तव ठेवायची रीत होती. वरून आणि खालून सारखी आच देणं म्हणजेच ओव्हन. दिवाळीच्या आधी रवा, मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात घालून गावच्या बेकरीत नानकटाई भाजून आणायची, हे आपल्यातल्या अनेकींनी केलं आहे. पुढे शहरातल्या काही घरांत काचेचा डोळा असलेला ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन आला. वाटी-चमच्याच्या मापाने पाककृती सांगणारं कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ 1970 मध्ये आलं आणि सासू जवळ नसलेल्या सुनेलाही स्वयंपाक शिकता आला.

मराठीतल्या पाककृतींच्या पुस्तकांची एक मजा सांगतो. ‘सूपशास्त्र’ हे अगदी सुरुवातीचं छापील पुस्तक 1875 चं, आणि ते एका पुरुषाने, रामचंद्र सखाराम गुप्ते यांनी लिहिलं. बाईने लिहिलेलं ‘गृहिणी-मित्र’ पुढे विसाव्या शतकात आलं, लक्ष्मीबाई धुरंधर यांचं. या पुस्तकांमुळे पाककृती टिकल्या. पण किती मीठ, किती तिखट हे सांगणारं पुस्तक, करणारी बाई केव्हा जेवते, हे सांगत नाही. आणि सख्यांनो, कापांच्या इतिहासातली खरी गोष्ट तीच आहे.

काप गरम खायचा पदार्थ. गार झाला की मऊ पडतो. म्हणून पंगत बसते तेव्हा बाई तव्यापाशी उभी असते. हिशोबच करू. घरात आठ माणसं, प्रत्येकी चार काप, म्हणजे बत्तीस काप. तव्यावर एका वेळी सहा बसतात, म्हणजे सहा घाणे. एक घाणा आठ मिनिटांचा धरला तरी पाऊण तासाहून जास्त उभं राहायचं. प्रत्येक घाण्याला दोन-तीन मोठे चमचे तेल सोडलं तर बारा ते अठरा चमचे तेल जातं, कारण वांगं स्पंजासारखं तेल पितं. शेवटचा घाणा उतरेपर्यंत सगळ्यांची जेवणं झालेली असतात. मग ती तुटके-फुटके दोन काप घेऊन एकटी बसते. चूल होती तेव्हा धुरात उभी होती. रॉकेलच्या स्टोव्हपुढे उभी होती. 2016 मध्ये उज्ज्वला योजना आली, पुष्कळ घरांत गॅस आला आणि धूर कमी झाला. ही मोठीच गोष्ट झाली. पण तव्यापुढचं उभं राहणं काही कमी झालं नाही.

ओव्हनमध्ये भाजायचं म्हटलं की नेमकी ही गोष्ट बदलते. घरगुती ओव्हनमध्ये बत्तीस काप दोन खेपांत होतील, वेळ तवढाच लागेल. पण त्या वेळात उलथणं घेऊन उभं राहावं लागत नाही. एकदाच काय ते उलटायचे. पंगतीआधी दोन्ही खेपा आटोपतात, पहिली खेप वाढायच्या आधी पाच मिनिटं आत ठेवली की पुन्हा कुरकुरीत होते, आणि मग सगळ्यांबरोबर ताट घेऊन बसता येतं. तेल चार-पाच चमच्यांत भागतं. आपला देश खातो त्यातलं निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येतं, त्यामुळे भाव चढला की पहिला चटका आपल्याच डब्याला बसतो. विजेचंही सांगायला हवं. दीड हजार वॅटचा ओव्हन पूर्ण एक तास चालला तर दीड युनिट जळतं. घरोघरी ओव्हन घ्या असं आमचं म्हणणं नाही. गटाने मिळून एक घेतला, किंवा गावच्या बेकरीवाल्याशी बोलून पाव निघाल्यावर त्याच्या तापलेल्या भट्टीत ट्रे ठेवला, तरी काम होतं. नानकटाईची तीच जुनी रीत.

आता कृती सांगतो. भरताची मोठी, तकतकीत, हाताला हलकी लागणारी वांगी घ्या, त्यात बिया कमी असतात. करंगळीएवढ्या जाडीच्या चकत्या करा. मीठ लावून वीस मिनिटं चाळणीत ठेवा. वांग्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ते सुटलं नाही तर काप कुरकुरीत न होता उकडतो. मग फडक्याने चांगले टिपून घ्या. हळद, तिखट, धने-जिरेपूड, थोडा आलं-लसूण लावा. मीठ आधीच लागलेलं आहे, पुन्हा घालताना हात आखडता ठेवा.

शिळे पाव उन्हात कडकडीत वाळवून जाडसर कुटा. पीठ करू नका, रव्यापेक्षा जाड राहू द्या. हा चुरा दोन चमचे तेलावर तांबूस परतून घ्या. यातच खरी गंमत आहे. ओव्हनमध्ये तळणीइतका रंग येत नाही, म्हणून रंग आधीच आणायचा. बेसन पाण्यात भज्याच्या पिठापेक्षा पातळ भिजवा, त्यात काप बुडवा आणि चुऱ्यात दाबून घोळवा. ओव्हन 200 अंशांवर दहा मिनिटं आधी तापवा. ट्रेला तेलाचा हात लावून काप सुटे सुटे मांडा, एकावर एक नको. वरून तेलाचे थेंब सोडा. पंधरा मिनिटांनी उलटा आणि आणखी दहा मिनिटं ठेवा. काढल्यावर जाळीवर ठेवा. ताटात ठेवले तर खालून वाफ धरून मऊ पडतात.

ओव्हन नसेल, वीज गेली असेल, तर जाड बुडाच्या कढईत वाळू किंवा जाडं मीठ पसरून, त्यावर स्टँड ठेवून पंधरा मिनिटं तापवा आणि थाळीत काप ठेवून झाकण किंचित तिरकं ठेवा, म्हणजे वाफ निघून जाईल. शेवटी एक मिनिट कोरड्या तव्यावर फिरवले की कड येतो. पाव नसेल तर वाळलेल्या भाकरीचा चुरा घ्या, किंवा जाड रवा घ्या. यात्रेत, बाजारात विकणार असाल तर गरम काप डब्यात बंद करू नका. बेकरीच्या एका मोठ्या ट्रेमध्ये पुष्कळ काप एकदम होतात, ते जागेवरच गरम विकावेत. वांग्याचा भाव पडतो त्या दिवसांत एवढाही आधार होतो.

तर वयस्कर मावश्यांना आमचं सांगणं असं, की हे खाणं साहेबाचं नाही. वांगं आपलं, भाजणं आपलं, आणि पाव तर आता पिढ्यान् पिढ्या आपला झाला आहे. फक्त एक गोष्ट खरोखर नवी आहे, ती म्हणजे काप करणारीने पहिल्या पंगतीला बसणं. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एक वांगं आणि एक शिळा पाव आणावा. ट्रे भट्टीत ठेवू, हप्त्यांचा हिशोब उरकू, आणि काप निघाले की सगळ्या एकदमच बसू.