होडीवरचे वाय-फाय: समुद्रातील बिनतारी संपर्काचा इतिहास

मोबाइलवर वाय-फायच्या सगळ्या रेघा दिसतात आणि तरी पान उघडत नाही, हे तुम्ही अनुभवले असेलच. समुद्रावर ही अडचण शंभर वर्षांहून जुनी आहे. आपला संदेश पलीकडे पोहोचतो का आणि तो ऐकायला तेथे कोणी आहे का, हे दोन प्रश्न या पाठात लक्षात ठेवा.

१४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिकचे बिनतारी यंत्र व्यवस्थित चालू होते. जवळच्या कॅलिफोर्नियन जहाजावर मात्र रेडिओ ऑपरेटर एकच, आणि तो यंत्र बंद करून झोपला होता. (त्याआधी टायटॅनिकच्या ऑपरेटरने प्रवाशांच्या खासगी तारा पाठवण्याच्या घाईत त्याला गप्प बसवले होते!) हाक ऐकली ती दूरच्या कार्पेथियाने. तिने सुमारे ७०० जणांना वाचवले. पुढे १९१४ च्या सागरी सुरक्षा करारात ठरावीक वर्गांच्या जहाजांवर अखंड रेडिओ-पहारा ठेवण्याची तरतूद आली.

१९७९ मध्ये जहाजांसाठी इन्मारसॅट ही उपग्रह संस्था स्थापन झाली. पण ती सेवा महाग होती. शिडाच्या छोट्या होडीतून जग फिरणारे लोक लघुलहरी रेडिओला मोडेम जोडून चार ओळींचे ईमेल पाठवत.

१९९९ मध्ये वाय-फायचे ८०२.११बी मानक आले आणि हळूहळू बंदरांत, मरिनांत इंटरनेट मिळू लागले. नांगर टाकलेल्या होडीतल्या लॅपटॉपला किनाऱ्यावरचे नेटवर्क दिसे, जोडणी मात्र होत नसे. कारण साधे आहे: किनाऱ्याचा आवाज होडीपर्यंत येई, लॅपटॉपचे क्षीण उत्तर किनाऱ्यापर्यंत जात नसे. मग अँटेना डोलकाठीच्या टोकावर चढवला गेला. तेथून खाली आणलेल्या पंधरा मीटर बारीक केबलमध्ये बहुतेक शक्ती विरून जाई. म्हणजे उंचीने कमावलेले केबलने गमावले. शेवटी रेडिओ यंत्रच अँटेनाशेजारी वर बसवून खाली इथरनेट केबल आणणे हा चांगला उपाय ठरला. जास्त शक्तिशाली अँटेनाचाही तोटा होता. त्याच्या लहरी थाळीसारख्या सपाट पसरतात. होडी कलली की थाळीची एक कड आकाशात आणि दुसरी पाण्यात.

किनारा सुटला की वाय-फाय संपते. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, तर २०२२ मध्ये जहाजांसाठी सेवा सुरू करणाऱ्या स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर. त्यामुळे उत्तर यायला लागणारा वेळ पुष्कळ घटला.

तरीही वेगाला किती महत्त्व द्यायचे, हे ठरवण्यापूर्वी सप्टेंबर २०१८ ची घटना पाहा. गोल्डन ग्लोब शर्यतीत भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी दक्षिण हिंदी महासागरात एकटे होते. त्यांची ‘थुरिया’ होडी गोव्यात बांधलेली. वादळात होडी उलटली, डोलकाठी मोडली, पाठीला गंभीर दुखापत झाली. त्यांनी छोट्या उपग्रह-उपकरणावरून तुटक शब्दांचे संदेश पाठवले. तेथून व्हिडिओ दिसण्याचा प्रश्नच नव्हता. पण ते शब्द फ्रान्समध्ये शर्यतीच्या कार्यालयात कोणीतरी वाचत होते. ऑस्ट्रेलियातील बचाव केंद्राने शोध आखला, भारतीय नौदलाच्या विमानाने होडी हेरली आणि २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलून घेतले.