यादीबाहेरच्यांची यादी : निराधार वृद्धांच्या धान्याची कथा

१ एप्रिल २००० रोजी केंद्र सरकारने ‘अन्नपूर्णा’ नावाची योजना सुरू केली. ६५ वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या निराधार व्यक्तीस दरमहा १० किलो गहू किंवा तांदूळ, तोही विनामूल्य. नाव मंगल, हेतू स्वच्छ; पात्रतेची अट मात्र विलक्षण. ज्याला वृद्धापकाळ निवृत्तिवेतन मिळायला हवे, पण प्रत्यक्षात मिळत नाही, अशालाच हे धान्य. एका सरकारी यादीत नाव असायला हवे होते आणि नव्हते, हीच दुसऱ्या यादीत शिरण्याची पात्रता.

ही अट कुणा कारकुनाच्या लहरीतून आलेली नव्हती. तिच्यामागे शतकाहून जुनी विचारपद्धती उभी होती, आणि तिची मुळे दख्खनच्या दुष्काळापर्यंत जातात.

१८७६ ते १८७८ या काळात दुष्काळाने मुंबई व मद्रास इलाखे होरपळले. सरकारी मदतीचे मुख्य रूप होते ‘काम’ : खडी फोडा, माती उपसा आणि मजुरी घ्या. १८७७ च्या जानेवारीत सर रिचर्ड टेंपल यांनी या मजुरीत कपात सुचवली. पुरुषास दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा, एवढ्यावर भागवावे, असा हिशेब होता. पुणे सार्वजनिक सभेने तिचा निषेध केला आणि गावोगावची वृत्ते गोळा करून सरकारपुढे ठेवली. हा वाद कष्ट करणाऱ्याला किती अन्न लागते याचा होता. ज्याला कुदळच उचलता येत नाही त्याचे काय, हा प्रश्न त्या गदारोळात मागेच राहिला.

त्याचे लेखी उत्तर पुढे आले. सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा मसुदा तयार झाला. धडधाकट माणसाला काम, आणि काम करण्यास असमर्थ अशा वृद्ध, अपंग व दुर्बलांना फुकट मदत, अशी तिची विभागणी होती. अधिकारी गावकामगारांच्या साहाय्याने असमर्थांची यादी करीत. कुणाला गावातच शिधा मिळे, कुणाची रवानगी अनाथगृहात होई. या अनाथगृहांचा लोकांना धसका असे. तेथे शिजवलेले अन्न कोणाच्या हातचे, ही जातीची धास्ती होतीच. त्याहून मोठी होती गाव सोडून परक्या अंगणात मरण्याची.

यादी करताना दोन गोष्टी पाहिल्या जात. हा माणूस काम करू शकतो का? आणि याला पोसण्यास बांधलेले कोणी नातलग आहे का? पहिल्याचे उत्तर शरीराकडे पाहून देता येते. दुसरा प्रश्न अधिक निर्दय आहे. ‘मुलगा आहे, पण तो घालत नाही’ किंवा ‘त्यालाच मिळत नाही’, हे म्हाताऱ्या बापाने चारचौघांत कबूल केल्याखेरीज त्याचे उत्तर पुरे होत नाही.

संहितेचे श्रेय मात्र नाकारता येत नाही. १८९६ च्या दुष्काळात टिळक आणि सार्वजनिक सभा यांनी तिच्यातील तरतुदी रयतेला समजावून सांगितल्या, कारण तो सरकारनेच लिहून दिलेला शब्द होता. तिची मर्यादा वेगळी होती. दुष्काळ संपला की शिधा बंद. म्हातारपण मात्र पाऊस पडल्याने संपत नाही.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदाने वार्धक्यात सार्वजनिक साहाय्याचा उल्लेख केला, तो मार्गदर्शक तत्त्व म्हणून. न्यायालयात मागता येईल असा हक्क म्हणून नव्हे. महाराष्ट्रात प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला तो १९७२ च्या दुष्काळात. ज्यांनी तो पाहिला त्यांना रेशनवरची लाल मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी अजून आठवते. त्या अनुभवातून, वि. स. पागे यांच्या कल्पनेला धरून, रोजगार हमी उभी राहिली. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला आणि देशाने पुढे त्याचा कित्ता गिरवला. पण हमी होती ती अंगमेहनत करण्यास तयार असलेल्या प्रौढांना. जुनी विभागणी कायम राहिली. उरलेल्यांसाठी १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना आली, आणि पुढे वृद्धांसाठी श्रावणबाळाच्या नावाची स्वतंत्र योजना. ज्यांच्या खांद्यावर कावड नाही, त्यांच्या योजनेला श्रावणबाळाचे नाव मिळावे, यातला विरोधाभास नाव ठेवणाऱ्यांच्या ध्यानात आला असेल काय?

राष्ट्रीय पातळीवर पाऊल पडले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमात ६५ वर्षांवरील निराधारांसाठी दरमहा ७५ रुपयांचे निवृत्तिवेतन ठरले. ‘निराधार’ची व्याख्या होती : स्वतःच्या उत्पन्नातून, कुटुंबाकडून वा अन्य मार्गाने उपजीविकेचे नियमित साधन नसलेला. १८८३ चा दुसरा प्रश्न जवळजवळ तसाच परतला होता. शिवाय प्रत्येक राज्याला लाभार्थ्यांची कमाल संख्या ठरवून दिलेली. गावात पात्र वृद्ध दहा आणि कोटा चौघांचा असेल, तर उरलेल्या सहांनी वाट पाहायची; बहुधा यादीतील कुणाच्या मृत्यूची.

याच उरलेल्यांसाठी २००० मध्ये अन्नपूर्णा आली. तिलाही मर्यादा होतीच : राज्यातील निवृत्तिवेतनास पात्र व्यक्तींच्या २० टक्के. म्हणजे यादीबाहेर राहिलेल्यांच्या यादीबाहेरही माणसे राहणारच होती.

आणि धान्य नव्हते असे मुळीच नाही. २००१ च्या मध्यास सरकारी साठा ६ कोटी टनांच्या घरात पोचला होता. राजस्थानात लोक उपाशी असताना गोदामांत धान्य सडत होते. त्या वर्षी एप्रिलमध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २३ जुलैच्या आदेशात न्यायालयाने वृद्ध, दुर्बल, अपंग आणि निराधार स्त्रीपुरुषांपर्यंत अन्न पोचणे ही सर्वांत महत्त्वाची बाब मानली. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने आठ योजनांचे लाभ हक्काच्या पातळीवर नेले. त्यांत वृद्धापकाळ निवृत्तिवेतन होते, तशी अन्नपूर्णाही होती. १ जानेवारी २००२ पर्यंत लाभार्थी निश्चित करून धान्यवाटप सुरू करा, असे राज्यांना बजावण्यात आले.

२ मे २००३ चा आदेश या कथेत विशेष महत्त्वाचा. नियमित आधार नसलेल्या, ६० वर्षे व त्यावरील वृद्धांना अंत्योदय शिधापत्रिका द्यावी, असे त्यात म्हटले होते. अंत्योदयात महिन्याला ३५ किलो धान्य; गहू २ रुपये, तांदूळ ३ रुपये किलो. आता गणित मांडून पाहावे. ३५ किलो गव्हाला ७० रुपये, आणि केंद्राचे निवृत्तिवेतन ७५. मीठमिरचीला ५ रुपये उरतात. ज्याला निवृत्तिवेतनही नाही, त्याला स्वस्त धान्यसुद्धा महागच. अन्नपूर्णेचे धान्य फुकट असण्याचे मोल येथे कळते.

तरीही योजना कृश होत गेली. २००२-०३ पासून ती राज्यांच्या योजनेत वर्ग झाली आणि मिळालेला निधी सामाजिक साहाय्याच्या कोणत्या योजनेवर खर्चायचा, याची मोकळीक राज्यांना मिळाली. काही ठिकाणी अन्नपूर्णा नावापुरती उरली. २७ एप्रिल २००४ रोजी न्यायालयाने परवानगीवाचून ती बंद करण्यास वा आकुंचित करण्यास मनाई केली. कागदावर ती वाचली.

२०११ च्या डिसेंबरात लोकसभेत मांडलेल्या अन्नसुरक्षा विधेयकात निराधारांना दररोज किमान एक विनामूल्य जेवण देण्याची तरतूद होती. २०१३ मध्ये संमत झालेल्या कायद्यात ती नाही. गर्भवतींचे आणि बालकांचे हक्क त्यात आले, आणि ते यायलाच हवे होते. एकाकी वृद्धाच्या वाट्याला इतर कुणाही इतके माणशी ५ किलो आले. पुढे रेशन दुकानात अंगठ्याचा ठसा घेणारी यंत्रे आली, तेव्हा आयुष्यभर राबून रेषा पुसल्या गेलेल्या बोटांची अडचण सर्वांत आधी उघडी पडली.

दरम्यान २००७ मध्ये निवृत्तिवेतन दारिद्र्यरेषेखालील ६५ वर्षांवरील सर्वांसाठी खुले झाले आणि २०११ मध्ये वयोमर्यादा ६० वर आली. ‘सर्वांसाठी’ म्हटल्यावर अन्नपूर्णेला कुणी उरायलाच नको होते. परंतु केंद्राच्या पैशातून मिळणारे निवृत्तिवेतन सुमारे २.२१ कोटी व्यक्तींच्या मर्यादेत अडकले आहे आणि ८० वर्षांखालील वृद्धासाठी केंद्राचा वाटा २००६ पासून २०० रुपयांवरच आहे. म्हणून अन्नपूर्णा आजही कार्यक्रमाचा एक घटक आहे, त्याच अटीसह : निवृत्तिवेतन सुरू झाले, की १० किलो धान्य बंद.