धूर दिसतो तिथे निकोडेमस

१८७८ चा वसंत नुकता लागला आहे आणि तुम्ही अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, एलिस स्टेशनाबाहेर, रुळांशेजारच्या तंबूंमध्ये उभे आहात. रूळ इथून पश्चिमेला डेन्व्हरकडे जातात. तुम्हाला उत्तरेकडे जायचं आहे आणि तिकडे रस्ता नाही. तंबूंत केंटकीच्या जॉर्जटाउन भागातून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबं आहेत. यांतली बहुतेक मोठी माणसं गुलाम म्हणून जन्मली. केंटकीत गुलामी संपली ती डिसेंबर १८६५ मध्ये, देशाची घटनादुरुस्ती झाल्यावर. म्हणजे अजून तेरा वर्षंही झालेली नाहीत. मुलांमध्ये गोवर पसरला आहे. काही मुलं दगावली. त्यांना इथेच माती देऊन आईबापांनी पुन्हा बोचकी बांधायला घेतली आहेत.

त्यांना जायचं आहे ते निकोडेमस गाव इथून सुमारे ५५ किलोमीटर आहे. वाट नसल्यामुळे होकायंत्र बघत चालायचं. रात्री पुरुष शेकोट्या पेटवतात आणि जनावरं जवळ येऊ नयेत म्हणून बंदुकीचे बार काढतात. दिवसभर नुसतं गवत. डोंगर नाही, झाड नाही, पाखराला बसायला फांदी नाही. नजर कुठेच अडत नसली की तासन्‌तास चालूनही आपण जागचे हललो नाही असं वाटत राहतं. सह्याद्री बघत वाढलेल्या तुम्हाला या सपाटीची भीती वाटते. केंटकीच्या हिरव्या टेकड्यांतून आलेल्या या माणसांनाही ती वाटत असणार.

दुसऱ्या दिवशी पुढचे पुरुष ओरडतात, निकोडेमस आलं! धर्मोपदेशक डॅनियल हिकमन यांची बायको विलियाना आजारी आहे, तरी त्या हाकेने तिला उभारी येते. ती दूरवर बघते. कुठेय गाव? नवरा बोटाने दाखवतो. जमिनीतून धूर निघतो आहे, बस. भिंत नाही, छप्पर नाही. माणसं जमिनीत बिळं करून राहतात हे लक्षात येतं आणि ती रडायला लागते. म्हातारपणी तिने स्वतःच ही हकिकत सांगून ठेवली, म्हणून आज तुम्हाला तिच्या शेजारी उभं राहता येतं आहे.

वाकून आत या. इथे घर बांधायला लाकूडच नाही, म्हणून उतारात खोल खणायचं, वर वासे आणि काटक्या टाकायच्या आणि मुळांसकट कापलेले गवताचे थर रचायचे. समोर दार आणि जमलं तर एक खिडकी. मागच्या भिंतीत कोरलेली चूल. पाऊस लागला की छतातून चिखल गळतो. चुलीत सूर्यफुलाची वाळकी ताटं आहेत आणि रानगव्यांच्या शेणाच्या वाळलेल्या शेण्या. तो धूर नाकात गेल्यावर तुम्हाला परकं वाटत नाही.

इथली बाई तुम्हाला मागच्या हिवाळ्याचं सांगते. १८७७ च्या सप्टेंबरात तीनशेवर माणसं आली, तेव्हा माळ फोडून पीक घ्यायला फार उशीर झाला होता. जाहिरातींत सुपीक जमिनीचं आणि स्वतःच्या गावाचं वर्णन होतं. डब्ल्यू. आर. हिल नावाचा एक गोरा जमीनदलाल आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक यांनी मिळून गाव वसवायला काढलेली ही कंपनी, आणि पाच डॉलर भरले की गावात जागा. प्रत्यक्षात हातात कुदळ-फावडी, घोडे मोजकेच. बरीच कुटुंबं आल्यापावली परत गेली. उरलेल्यांतल्या एमा विल्यम्सने त्याच ऑक्टोबरात मुलाला जन्म दिला, निकोडेमसमधलं पहिलं बाळ. पुढे धान्य संपत आलं. तेव्हा शिकारीवरून परतणाऱ्या ओसेज या इथल्या मूळ जमातीच्या लोकांनी आपल्यातलं मांस त्यांना दिलं, असं गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात.

या ठिकाणी जरा थांबा. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने सरकार १६० एकर जमीन नुसती नोंदणीची फी घेऊन देतं, अट एवढीच की पाच वर्षं तिथे राहून ती कसायची. ती अशी वाटता येते, कारण आधी ती इथल्या मूळ लोकांच्या हातून काढून घेतलेली आहे. ओसेज स्वतः काही वर्षांपूर्वीच कॅन्ससमधल्या आपल्या भूमीवरून दक्षिणेला हटवले गेले. त्यांनी या नव्या माणसांना खायला घातलं. मला या गावाच्या इतिहासात याहून मोठी गोष्ट दिसत नाही.

तुमच्या मनात एक मराठी पुस्तकही आहे. जोतिराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ छापलं आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना ते अर्पण केलं. आपल्याकडे ही अर्पणपत्रिका अभिमानाने सांगितली जाते. पण मुक्त झालेली माणसं नंतर गेली कुठे? त्यांच्या नावावर जमीन झाली का, त्यांच्या मुलांच्या हातात पाटी आली का? हे आपण फारसं विचारत नाही. निकोडेमसने पहिल्या थंडीत तग धरला, त्याच सुमारास दख्खनात दुष्काळाने माणसं मरत होती. भुकेशी आणि माणुसकीच्या हक्कासाठी अशा या दोन झुंजी एकाच वेळी चालू होत्या. जोतिरावांना इथे आणता आलं असतं तर त्यांनी आधी शाळा कुठे आहे ते विचारलं असतं.

शाळा जेनी फ्लेचरकडे आहे. जेनी म्हणजे कंपनी काढणाऱ्या धर्मोपदेशक स्मिथ यांची मुलगी. गावची पहिली पोस्टमिस्ट्रेस तीच आणि पहिली शिक्षिकाही तीच. ज्यांच्या आईबापांना अक्षरओळख करून देणं दक्षिणेत कित्येक ठिकाणी गुन्हा होता, ती मुलं इथे मातीच्या भिंतीला टेकून धडे म्हणतात. तिला शिकवताना बघून तुम्हाला सावित्रीबाई आठवल्याशिवाय राहणार नाहीत.

बाहेर माळ फोडायचं काम चालू आहे. हराळीने भरलेलं रान मोडताना जी दमछाक होते, ती या माळाच्या दर हातभर जमिनीत आहे. गवताची मुळं एकमेकांत इतकी घट्ट विणलेली, की कुदळ मारली तर उलटून हाताला झिणझिण्या येतात. कितीतरी कुटुंबांनी पहिली पट्टी अशी हातानेच फोडली. पुरुष मजुरीसाठी रेल्वेवर आणि दूरच्या शेतांवर जातात, मागे बायका शेत सांभाळतात. याच वसंतात एडवर्ड मॅकेब नावाचा तरुण इथे येतो आणि लोकांचे जमिनीचे दावे मांडायला लागतो. चारच वर्षांनी, १८८२ मध्ये, तो कॅन्सस राज्याचा हिशेब तपासनीस म्हणून निवडून येईल.

आता १८८७ मध्ये या. निकोडेमस ओळखू येणार नाही. इथल्याच मऊ चुनखडीच्या दगडाची घरं आणि चर्च, फ्लेचर दांपत्याचं सेंट फ्रान्सिस हॉटेल, दुकानं, बँक, बेसबॉलचा संघ. वर्तमानपत्रं दोन, ‘वेस्टर्न सायक्लोन’ आणि ‘निकोडेमस एंटरप्राइझ’. गुलामी संपल्यावर अवघ्या बावीस वर्षांत एवढ्याशा वस्तीला स्वतःची दोन वर्तमानपत्रं असावीत, हे वाचताना मला अजून भरून येतं. सगळ्यांच्या तोंडी एकच विषय, रेल्वे. मिसुरी पॅसिफिक कंपनीने यावं म्हणून गावाने १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले आहेत.

ती रेल्वे आली नाही. १८८८ मध्ये दुसऱ्या कंपनीने, युनियन पॅसिफिकने, रूळ टाकले ते सॉलोमन नदीच्या पलीकडून, आणि तिथे बोग नावाचं नवं गाव उठलं. दुकानदारांनी सामान उचलून नदी ओलांडली. पुढे १९३० च्या दशकात धुळीची वादळं आली, तरुण शहरांकडे गेले आणि १९५३ मध्ये गावचं पोस्टही बंद झालं.

सरळ सांगायचं तर रेल्वे हुकली म्हणून निकोडेमसला फसलेलं गाव म्हणणं मला मान्य नाही. इथे लोक स्वतःच्या नावावरच्या जमिनीत पेरत राहिले, मुलांना शिकवत राहिले, आणि त्या मुलांतून शिक्षक झाले, सैनिक झाले. व्हेरिल स्वित्झर १९५४ मध्ये ग्रीन बे पॅकर्स या नामांकित फुटबॉल संघात पहिल्याच फेरीत निवडला गेला, तो याच गावचा.

शेवटी आजच्या निकोडेमसमध्ये उतरा, पण जुलैच्या अखेरीस. २०२० च्या जनगणनेत इथे १४ माणसं होती. त्या शनिवार-रविवारी मात्र डेन्व्हरपासून कॅलिफोर्नियापर्यंत पांगलेली मुलं-नातवंडं गावात लोटतात. ब्रिटिश वेस्ट इंडिजमधली गुलामी १ ऑगस्ट १८३४ ला संपली, त्या दिवसाची आठवण म्हणून १८७८ मध्ये हा मेळा सुरू झाला. १९३९ मध्ये बांधलेल्या चुनखडीच्या टाउनशिप हॉलमध्ये जेवणाची टेबलं लागतात, रस्त्यावर मिरवणूक निघते. १९९६ पासून गावातल्या पाच जुन्या इमारतींचं राष्ट्रीय स्मारक झालं आहे, त्यामुळे वनखात्यासारख्या गणवेशातले रेंजरही दिसतील. त्यांना हवं ते विचारा. पण आधी जेवणाच्या टेबलाशी बसलेल्या आज्यांकडे जा. कोण कुणाची नात आणि कुणाचं शेत कुठे होतं, हे त्या तुम्हाला कागद न बघता सांगतील. आणि तरण्या शेतकऱ्यांना गाठायचं असेल तर रविवारीच गाठा, कारण सप्टेंबरात गहू पेरायचा असतो आणि मेळा उठला की ते रानाच्या कामाला लागतात.