बॅरोनेट किताबाचा भारतीय वारसा : सर जमशेटजी जीजीभाई घराण्याच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना :
बीड जिल्ह्यासह संपूर्ण मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने वंशपरंपरागत मान म्हटला की येथील अभ्यासकासमोर देशमुखी, देशपांडेपणाची वतने व जहागिरी उभ्या राहतात. ब्रिटिश मुंबईत मात्र याहून वेगळ्या स्वरूपाचा वंशपरंपरागत मान रुजला. प्रस्तुत निबंधात त्याचा तौलनिक विचार केला आहे.

किताबाची प्राप्ती :
बॅरोनेट हा किताब इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने १६११ मध्ये सुरू केला. तो वंशपरंपरागत असला तरी उमरावपद नव्हे; त्यामुळे उमराव सभेत आसन मिळत नसे. चीनशी कापूस व अफूचा व्यापार करून धनवान झालेले मुंबईचे पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभाई (१७८३-१८५९) यांना १८४२ मध्ये 'नाइट' हा व्यक्तिगत किताब मिळाला. पुढे १८५७ मध्ये, म्हणजे उठावाच्या वर्षीच, ते पहिले भारतीय बॅरोनेट झाले. त्यांच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय व कलाशाळा आजही त्यांचे नाव धारण करतात.

कायद्याची आवश्यकता :
इंग्लंडमध्ये किताब व मिळकत दोन्ही सामान्यतः ज्येष्ठ पुत्राकडे जात. पारशी समाजात मिळकतीचे वारसांत विभाजन होई. शिवाय स्वतःचे नाव व त्यापुढे पित्याचे नाव लावण्याच्या प्रथेमुळे प्रत्येक पिढीत नाव बदले. यावर उपाय म्हणून १८६० चा विसावा कायदा करण्यात आला. वार्षिक एक लाख रुपये उत्पन्न देणारे सरकारी रोखे व माझगाव येथील वाडा किताबाशी कायमचे जोडले गेले आणि प्रत्येक वारसाने 'जमशेटजी जीजीभाई' हेच नाव धारण करावे, असे ठरले. त्यानुसार पुत्र कर्सेटजी हे दुसरे सर जमशेटजी झाले.

तुलना :
दख्खनमध्ये वतनाचे हक्क व कर्तव्य आधी, आडनाव नंतर आले. भाऊबंदांत वतनाच्या तक्षिमाही पडत. येथे क्रम उलटा दिसतो. किताब आधी आला, त्यास मिळकत नंतर बांधली गेली आणि ती अविभाज्य ठरली. नाव हेच जणू पद बनले. थोरल्या शाखेची प्रतिष्ठा टिकविण्यासाठी इतर वारसांचा त्या मिळकतीतील वाटा कायद्याने संपला, ही या सन्मानाची किंमत होय.

समारोप :
मराठवाड्यातील जहागिरी १९४९ च्या विनियमाने संपुष्टात आल्या. २६ जानेवारी १९५० पासून लागू झालेल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १८ नुसार लष्करी व शैक्षणिक उपाधींखेरीज राज्यसंस्था किताब देऊ शकत नाही व भारतीय नागरिकास परकीय राज्याचा किताब स्वीकारता येत नाही. जन्माधिष्ठित प्रतिष्ठा टिकविण्यास कायद्याचा आधार लागला होता. समतेसाठीही कायदाच करावा लागला. जमशेटजींचे नाव मात्र सर्वसामान्यांच्या मुखी राहिले ते किताबामुळे नव्हे, तर रुग्णालयामुळे, हे इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात घेणे अगत्याचे आहे.