काळादाणा आणि कलौंजी : नावांचा इतिहास

पावसाळा सरत आला की आपल्याकडे कुंपणांवर आणि परसबागेत एक निळी वेल चढलेली दिसते. तिला नीलपुष्पी म्हणतात. बियांवरून काळादाणा हे नावही रूढ आहे. ही वर्षायू वेल आहे. खोड केसाळ, पाने बहुधा तीन खंडांची, फूल नरसाळ्याच्या आकाराचे. कळी तांबूस असते. उमलताना पाकळ्यांच्या पेशींतील रसाची आम्लता कमी होते व फूल निळे होते. दुपारपर्यंत ते कोमेजते. पुढे तीन कप्प्यांच्या बोंडात काळ्या, तिकोनी बिया धरतात.

हिच्या नावाचा प्रवास मोठा मनोरंजक आहे. संस्कृतमधील ‘नील’ शब्द फारसीत गेला, तेथून अरबीत. युनानी हकीम या बीला ‘हब्बुन्नील’, म्हणजे निळीचा दाणा, म्हणू लागले. तोच शब्द युरोपात पोचला आणि १७६२ साली लिनियसने वेलीच्या लॅटिन नावात ‘निल’ घातला. १७९७ मध्ये रोथ या जर्मन शास्त्रज्ञाने तिला ‘आयपोमिया निल’ हे आजचे नाव दिले. एका शब्दाला किती भाषांनी सांभाळले पाहा!

परंतु नावांत धोकाही असतो. हदीसमध्ये उल्लेख आलेला ‘हब्बतुस्सौदा’ म्हणजे शब्दशः ‘काळा दाणा’. हा दाणा म्हणजे कलौंजी, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. कलौंजीचे शास्त्रीय नाव ‘नायजेला सटायव्हा’. लॅटिनमध्ये ‘नायजर’ म्हणजे काळा. तिचीच बहीण, बागेत लावली जाणारी निळ्या फुलांची ‘नायजेला डॅमसेना’, दमिश्क शहराचे नाव मिरवते. कलौंजी आपण नानावर, लोणच्यात घालतो. नीलपुष्पीचा काळादाणा मात्र जहाल रेचक आहे. नावाच्या सारखेपणाने फसून तो मुलांना दिला तर अपाय होईल.

हा घोळ जुनाच आहे. म्हणूनच ११ व्या शतकात अल्-बिरुनी यांनी ‘किताबुस्सैदना’ या ग्रंथात एकेका औषधाची अनेक भाषांतील नावे नोंदवून ठेवली.

विद्यार्थी मित्रांनो, घरातील वडीलधाऱ्यांना अशी नावे विचारा, वहीत लिहा आणि झाड स्वतः पाहून खात्री करा. पालकांनीही केवळ नावावरून औषध देऊ नये. इल्म म्हणजे नुसते नाव पाठ करणे नव्हे. त्या नावामागची वस्तू ओळखणे होय.