किल्लारी भूकंपानंतरच्या अंकीय नोंदी आणि युनिक्समधील जागेचा हिशेब : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

दि. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांच्या सुमारास औसा तालुक्यातील किल्लारी व परिसरातील गावे ६.२ परिमाणाच्या भूकंपाने उद्ध्वस्त झाली. गणेशविसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपी गेले होते. या आपत्तीतील मनुष्यहानी, पुनर्वसन व स्थलांतरित गावांचे समाजजीवन यांवर विपुल लेखन झाले आहे. मात्र भूकंपाची नोंद कशी ठेवली गेली आणि त्यातील किती टिकली, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकांनी फारसा हाताळलेला नाही. नोंदी अंकीय स्वरूपात आल्यानंतर काय जपायचे हे बऱ्याच अंशी डिस्कवरील मोकळ्या जागेने ठरविले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. म्हणूनच जागा मोजण्याच्या साध्या आज्ञांकडे दप्तरखान्याच्या इतिहासाचा भाग म्हणून पाहणे आवश्यक ठरते.

कागदाकडून डिस्ककडे

१९९२ च्या उत्तरार्धात, विशेषतः ऑक्टोबर महिन्यात, किल्लारी परिसरात अनेक धक्के जाणवले होते. त्या काळी येथे कायमस्वरूपी भूकंपमापन केंद्र नव्हते. दूरच्या केंद्रांवर फिरत्या पिंपावरील कागदावर रेषा उमटत असे. तो कागद रोज बदलून त्यावर तारीख टाकली जाई व मग तो कपाटात जाई. १९९३ च्या भूकंपानंतर हैदराबाद येथील राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था, तसेच जर्मनीतील पॉट्सडॅमचे पथक यांनी तात्पुरती केंद्रे उभारून पश्चात धक्क्यांचा अभ्यास केला. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने भारतीय हवामान विभागाच्या काही वेधशाळांवर अंकीय यंत्रणा बसविण्यात आली. २०१४ पासून हे कार्य राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राकडे आहे.

या बदलातील अडचण आकड्यांतच स्पष्ट होते. तीन दिशांची कंपने, प्रत्येकीची सेकंदाला १०० मापने व प्रत्येक मापनास ४ बाइट असे धरल्यास सेकंदाला १,२०० बाइट लागतात. दिवसाला हे सुमारे १० कोटी ३७ लाख बाइट होतात. म्हणजे १०० कोटी बाइटची डिस्क दहा दिवसही पुरत नाही, आणि १९९३ मध्ये एवढी डिस्क ही चैनच होती. स्टाइम यांच्या संक्षेपण पद्धतीने ही गरज बरीच कमी होते, तरी वर्षाचा साठा मोठाच राहतो. म्हणून अनेक यंत्रे सलग नोंद न ठेवता 'चेतावणी' पद्धतीने चालत. अल्पकालीन कंपनांची सरासरी दीर्घकालीन सरासरीच्या ठरावीक पटीपेक्षा वाढली, तरच तेवढा भाग साठविला जाई. उरलेली शांतता, आणि त्या शांततेत दडलेले अतिसूक्ष्म धक्के, कायमचे नाहीसे होत.

दोन आज्ञा, दोन हिशेब

भूकंपशास्त्रीय संगणनात युनिक्स व तत्सम प्रणालींचा वापर मोठ्या प्रमाणावर झाला. केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत या प्रणालीचा आरंभ केला. १९७१ च्या पहिल्या आवृत्तीतच 'डीएफ' आणि 'डीयू' या आज्ञा होत्या. त्या काळच्या यंत्राची डिस्क अवघी ५१२ किलोबाइटची होती. जागेची चणचण प्रणालीच्या जन्मापासूनच होती, हे यावरून लक्षात यावे.

दोन्ही आज्ञा जागा सांगतात, परंतु त्यांचे साक्षीदार वेगळे आहेत. पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमालांचे उदाहरण घेऊ. 'डीएफ' कारकुनाच्या एका वहीत पाहून सांगते की एकूण फळ्या इतक्या, रिकाम्या इतक्या. 'डीयू' प्रत्येक कपाटासमोर उभी राहून, प्रत्येक रुमालाने किती फळी व्यापली याची बेरीज करते, म्हणून ती मंद असते. सूचीतून नाव काढलेला रुमाल एखादा वाचक अद्याप वाचत बसला असेल, तर तो 'डीयू'ला दिसत नाही, पण 'डीएफ'च्या वहीत त्याची फळी अडलेलीच असते. युनिक्समध्ये पुसलेली फाइल एखाद्या चालू प्रक्रियेने उघडी ठेवली असता नेमके हेच घडते. सतत लिहिणाऱ्या नोंदणी-प्रक्रियेची फाइल पुसूनही जागा का मिळाली नाही, हा अनुभव त्यामुळेच येतो. प्रक्रिया थांबेपर्यंत ती जागा सुटत नाही.

आणखी एक बाब दुर्लक्षित राहते. फाइल एक बाइटची असली, तरी ती सामान्यतः पूर्ण ठोकळा व्यापते, आणि हा ठोकळा बहुधा ४,०९६ बाइटचा असतो. धक्क्यागणिक वेगळी लहान फाइल ठेवणाऱ्या संग्रहात अशी वाया गेलेली जागा साचत जाते. शिवाय प्रत्येक फाइलीस एक आयनोड लागतो. अनेक फाइल-प्रणालींत आयनोडची संख्या आरंभीच ठरते, म्हणून डिस्कवर जागा असूनही नवी नोंद नाकारली जाऊ शकते. हे 'डीएफ'च्या नेहमीच्या उत्तरात दिसत नाही, त्यासाठी आयनोडचा स्वतंत्र तक्ता मागवावा लागतो. याउलट लिनक्सवरील काही फाइल-प्रणालींत सुमारे ५ टक्के जागा प्रशासकासाठी राखीव असल्याने सामान्य वापरकर्त्याची डिस्क तेवढी आधीच 'भरते'. हा हिशेब संगणक विभागाचा आहे असे इतिहासाच्या विद्यार्थ्यास वाटेल. परंतु डिस्क भरल्याच्या क्षणी पुढची नोंद थांबणार की जुनी पुसली जाणार, हा निर्णय साधनांच्या निवडीचाच आहे.

बऱ्याच केंद्रांवर स्थानिक डिस्कचा वापर वर्तुळाकार होतो, म्हणजे सर्वांत जुन्या नोंदीवर नवी लिहिली जाते. तत्पूर्वी ती मध्यवर्ती संग्रहात पोचली असेल तरच वाचते. १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय संघाने स्वीकारलेल्या 'सीड' प्रारूपामुळे अशी देवाणघेवाण सुकर झाली. डिस्क स्वस्त झाल्याने सलग नोंद ठेवणे आता सामान्य झाले असून, भूकंपापूर्वीच्या तासांकडे मागे वळून पाहता येते. १९९२ मधील किल्लारीच्या धक्क्यांपाशी मात्र ही सोय नाही. त्यांच्यासाठी अभ्यासकास दूरच्या केंद्रांचे कागदी आलेख आणि ते धक्के अनुभवलेल्या गावकऱ्यांच्या आठवणी यांवरच विसंबावे लागते.